बाळंतिणीची शेगडी

मुलीच्या बाळंतपणासाठी मी किनाऱ्यावरच्या आमच्या मुरबे गावाहून बोईसरजवळच्या सरावलीला गेले, तेव्हा माझ्याबरोबर कपड्यांची पिशवी, हळीव-डिंकाचे डबे, पोतंभर करवंट्या आणि एक लोखंडी शेगडी होती. बोईसरच्या रिक्षावाल्याने शेगडीकडे पाहून विचारलं, "मावशी, पोरीकडे गॅस नाय काय?" मी म्हटलं, "गॅस हाय रे, पण गॅसवर काय बाळंतीण शेकतात?" तो हसला आणि त्याने शेगडी आपल्या पायाशी घेतली.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण शेवटच्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या जवळच राहायला सांगितलं. जावई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मग मी ठरवलं, ती माहेरी येत नाही ना, तर माहेरच तिच्याकडे न्यायचं. जावई म्हणाले होते, "आई, इथं एवढं सगळं करायची गरज नाय." मी ऐकलं नाही. ऐकणं हा माझा स्वभावच नाही.

तीसेक वर्षं मी अंगणवाडीत सेविका होते. गावातल्या दोन पिढ्या माझ्या वजनकाट्यावर चढून मोठ्या झाल्या. लसीकरण, लोहाच्या गोळ्या, चुलीच्या धुराने फुप्फुसं कशी खराब होतात, हे सगळं मी बायकांना तोंडपाठ सांगायची. आणि त्याच तोंडाने, कुणाकडे बाळंतीण आली की शेक-शेगडी कशी करायची तेही सांगायची. त्यात मला काही विसंगत वाटत नव्हतं. धूर वाईट, हे मला माहीत होतं. आमच्या शेगडीला धूर नसतो, हा माझा अभिमान होता.

आमच्याकडे शेक करवंट्यांचा. करवंट्या शेगडीत रचून अंगणात पेटवायच्या. आधी ज्वाळ, मग काळा धूर, मग धूर विरत जाऊन लालबुंद निखारा उरतो. नुसता निखारा उरला की शेगडी आत न्यायची आणि बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायची. वर ओवा-शेपा टाकायचा. दारं-खिडक्या लावायच्या, कारण बाळंतिणीला वारा लागता कामा नये. माझ्या आईने मला असंच शेकलं आणि मी गावातल्या कितीतरी पोरींना. कुणाला काही झालं नाही. का झालं नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. आमची घरं कौलारू. दार लावलं तरी भिंत आणि कौलं यांच्यामधून समुद्राचा वारा आत फिरतच असतो. पावसाळ्यात आम्ही त्या फटींना शिव्या घालायचो.

सरावलीतली मुलीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, त्यांना रबराची पट्टी. खिडक्या बहुतेक बंदच. वसाहतीकडून वारा आला की एक आंबूस, घशाला टोचणारा वास येई आणि इमारतीतल्या सगळ्या बायका एकामागोमाग खिडक्या ओढून घेत. जावयांनी तर पहिल्याच दिवशी मला बजावलं, "आई, वास आला का आधी खिडकी लावायची. मग बाकीचं." तिथल्या माणसांना गॅसची भीती होती, पण ती बाहेरून येणाऱ्या गॅसची.

नात झाली. तिसऱ्या दिवशी दोघींना घरी आणलं आणि मी पदर खोचला. रोज सकाळी आठच्या सुमारास मालिश, मग अंघोळ, मग शेक. मी करवंट्या गॅलरीत पेटवायची. शेजारच्या घरात उत्तर प्रदेशातली एक बाई राहायची, तिचा नवराही कारखान्यात होता. ती धुराने खोकत दाराशी यायची आणि म्हणायची, "अम्मा, क्या जला रही हो?" मी तिला नारळाचा तुकडा द्यायची आणि शेगडी आत न्यायची. पहिले काही दिवस शेक झाला की मी खिडकी थोडी उघडायची. मुलीला शेक आवडायचा. म्हणायची, "आय, कंबर मोकळी झाली बग."

त्या दिवशी जावई पहिल्या पाळीला गेले होते. हवेत गारवा होता म्हणून मी करवंट्या जरा जास्तच घातल्या. मायलेकींची अंघोळ झाली, शेगडी खाटेखाली सरकवली, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात हळिवाची खीर ढवळत बसले. मधूनमधून आत डोकावत होते. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "आय, डोकं जड झालंय. मळमळतंय." तिचे गाल लाल झाले होते. शेकाने अंगात रंग भरला, असं मला वाटलं.

आणि त्याच वेळी मला तो वास आला. कारखान्यांचा.

मी काय केलं, ते जसंच्या तसं लिहिते. मी खिडकीची उरलेली फट लावून घेतली. गॅलरीच्या दाराखाली जुनं लुगडं कोंबलं. माझ्याकडे करोनाच्या कामात मिळालेलं बोटाला लावायचं यंत्र होतं. घरोघर फिरताना मी ते शेकडो बोटांना लावलं असेल. ते मुलीच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, "काय नाय, ऑक्सिजन चांगला हाय. हा कारखान्याचा वास डोक्यात गेलाय. पडून राहा." आणि निखाऱ्यावर आणखी ओवा टाकला.

खीर उतरवताना माझंही कपाळ ठणकायला लागलं होतं. वाटलं, आठवडाभराचं जागरण आहे. वाटी घेऊन आत गेले तर मुलगी उशीवर ओकली होती आणि डोळे अर्धवट उघडे. हाक मारली, उत्तर नाही. नातीला उचललं, तर तिची मान माझ्या हातावरून सैल लोंबली. एरवी ती भुकेच्या वेळी घर डोक्यावर घेई. मी ओरडले.

शेजारीण धावत आली. दारातच तिने शेगडी पाहिली आणि आधी मुलीकडे गेलीच नाही. खिडक्या धडाधड उघडल्या, दाराखालचं लुगडं ओढून काढलं, पदराने शेगडी धरून गॅलरीत नेऊन ठेवली. तिचा हात भाजला. "अम्मा, अँगीठी! बंद कमरे में अँगीठी!" ती म्हणत होती. "हमारे गाँव में जाड़े में इसी से पूरा घर सोता रह जाता है।" मी तिला म्हटलं, "नाय गं, धूर नाय त्याला. कारखान्याचा गॅस हाय." त्या घटकेलाही मी हेच म्हटलं. तिने माझं ऐकलं नाही, म्हणून माझी मुलगी आज आहे. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मुलीला उचलून रिक्षात घातलं. नात माझ्या कुशीत होती. मोकळ्या हवेत तिने एकदा बारीक किंकाळी फोडली, आणि ती ऐकून मी पहिल्यांदा रडले.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्याच वयाची. तिनेही बोटाला यंत्र लावलं. पुन्हा चांगला आकडा. मी म्हटलं, "बगा, ऑक्सिजन बरोबर हाय." ती त्या आकड्याकडे पाहत राहिली आणि तिने मला विचारलं, "घरात काही पेटवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाय."

शेजारीण माझ्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "अँगीठी थी, डॉक्टर साहब. खटिया के नीचे." डॉक्टरीणबाईंनी लगेच तिघींना ऑक्सिजन लावायला सांगितला. मुलीच्या तोंडावर पिशवी लावलेला घट्ट मास्क, नातीच्या डोक्याभोवती काचेसारखं झाकण, आणि मलाही एका खुर्चीत बसवून मास्क. मग हातातून रक्त घेतलं आणि दुसरीकडे तपासायला पाठवलं. मुलीच्या हृदयाचा आलेख काढला.

नंतर त्यांनी समजावलं, तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. बंद जागेत निखारा धुमसतो तेव्हा एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्तात ऑक्सिजनची जी जागा असते, ती तो बळकावतो आणि लवकर सोडत नाही. बोटावरच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून ते चांगला आकडा दाखवतं. शुद्ध ऑक्सिजन जोराने दिला की तो वायू हळूहळू रक्तातून बाहेर पडतो. "धूर नव्हता, मावशी, म्हणूनच तुम्हाला कळलं नाही," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात ये-जा करत होते म्हणून मला कमी लागलं होतं. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भराभर चालतो, म्हणून तिला धोका जास्त होता.

मोठ्या हॉस्पिटलात दाब वाढवून ऑक्सिजन देण्याची एक बंद खोली असते. तिकडे न्यायचं का, यावर फोनाफोनी झाली. तेवढ्यात दुपारी मुलीने डोळे उघडले आणि मास्कच्या आतून विचारलं, "पोरगी कुठं हाय?" नात तोवर हातपाय झाडायला लागली होती, म्हणून तिकडे न्यायचं राहिलं. जावई कारखान्याच्या कपड्यांतच येऊन उभे होते. त्यांना शेजारणीने सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी घरी सोडलं. जावई बिल भरायला गेले होते, मुलगी कपडे बदलत होती, आणि डॉक्टरीणबाई मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, हे नीट ऐका. रक्त आता स्वच्छ आहे. पण काही जणांना दोन-चार आठवड्यांनी त्रास सुरू होतो. विसरायला होतं, चालताना तोल जातो, स्वभाव बदलतो. असं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नका. तिला आणि तिच्या नवऱ्यालाही सांगून ठेवा." मी मान हलवली. कागदावरही त्यांनी काहीतरी इंग्रजीत लिहिलं. तो कागद मी फाईलच्या तळाशी ठेवला.

मी कुणालाच सांगितलं नाही.

बाळंतिणीच्या कानावर वाईट घालू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी स्वतःला तेच सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. तो विषय संपावा, शेगडीचं नाव पुन्हा घरात निघू नये, एवढीच माझी इच्छा होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी सभांमध्ये इतरांना ऐकवायची.

दोन-अडीच आठवडे सगळं ठीक होतं. मग मुलगी एका दुपारी चहा गाळायला उभी राहिली आणि खाली कप न ठेवताच तिने चहा ओतला. चहा ओट्यावरून वाहत होता आणि ती नुसती बघत होती. मी हसून म्हटलं, "लक्ष कुठं हाय तुजं?" लग्नाआधी ती मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, पावकी-निमकीपर्यंत पाढे घडाघड म्हणायची. आता तिला नातीला शेवटचं केव्हा पाजलं ते आठवेना. ती तळहातावर पेनने वेळ लिहून ठेवायला लागली. पावलं लहान-लहान पडायला लागली. नात रडत असली तरी कधीकधी ती तिच्याकडे अशी पाहायची, की जणू ते कुणाचं मूल आहे हे आठवून पाहतेय.

जावयांना वाटलं, झोप नाही म्हणून. शेजारणीला वाटलं, नजर लागली. मला माहीत होतं.

ती मला म्हणाली, "आय, मला वेड लागतंय काय? पोरीला माज्याजवळ एकटी ठेवू नको."

मी म्हटलं, "येडी काय? बाळंतपणात होतंच असं. तुज्या वेळेला मी पण अशीच झाली होती."

हे साफ खोटं होतं. तिच्या वेळेला मी बाराव्या दिवशी सुकटीचा बाजार करून आले होते. तीन दिवस मी हे खोटं वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिले. रोज सकाळी उठून तिची चाल बघायची, वाटायचं आज सुधारली, आणि दुपारपर्यंत कळायचं की नाही.

तिसऱ्या दिवशी मी देवापुढे दिवा लावून मोरीपाशी आले तर ती पाटावर बसली होती. नात तिच्या पायांवर उघडी. हातात तांब्या होता, आणि तो तिने थेट कढत पाण्याच्या पातेल्यात बुडवला होता. गार पाण्याची बादली शेजारीच, पण पाण्यात पाणी मिसळायचं तिला आठवलंच नव्हतं. मी तिचा हात धरला. पाणी माझ्या पायावर सांडलं आणि पाऊल पोळलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तांब्यातून निघणाऱ्या वाफेकडे. तिने नातीला माझ्या हातात दिलं आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी जाऊन बसली. पुन्हा जवळ आली नाही.

जावई पाळी संपवून आले. त्यांनी बूट काढायच्या आत मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी तळचा कागद वाचला. खूप वेळ वाचला. मग म्हणाले, "आई, शेगडीचं मी तुमाला एका शब्दानं बोललो नाय. ते तुमाला माहीत नव्हतं. पण हे तुमाला माहीत होतं."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला लावलं, शंभरातून सात वजा करत मागे यायला सांगितलं. माझी पाढे म्हणणारी पोर त्र्याण्णवावर अडकली. मेंदूची तपासणी झाली. वायू रक्तातून निघून गेला तरी मेंदूला झालेली इजा अशी उशिरा दिसू शकते, असं त्यांनी सांगितलं. ती एका गोळीने पुसता येत नाही. चालण्याचे आणि स्मरणाचे व्यायाम, झोप, रोजची वही, आणि वेळ. मन खचलं असेल तर त्याचे उपचार वेगळे, तेही आजच सुरू करायचे. बहुतेक जण काही महिन्यांत सुधारतात, पण सगळेच पूर्ण सुधारतात असं वचन त्या देणार नाहीत. नातीची वाढ नीट होते की नाही, हेही ठरावीक दिवसांनी दाखवायचं. मग त्यांनी मला विचारलं, "तिला मी सांगू की तुम्ही सांगता?"

मी सांगितलं. हॉस्पिटलच्या बाकावर तिच्या शेजारी बसून, पहिल्या करवंटीपासून. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हंजी मी वेडी नाय?"

"नाय गं बाय. तू वेडी नाय. हे माज्यामुळं झालंय."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला वाटलं, तिने मला माफ केलं. आपल्याला हवं ते आपण किती पटकन धरून बसतो.

मी सरावलीतच राहिले. शेक बंद, दिवसभर खिडक्या उघड्या. वास आला तर येऊ दे. सकाळ-संध्याकाळ तिला जिन्यातून खाली नेऊन चालवायची, तिच्याकडून बेपासून पाढे म्हणून घ्यायचे, वहीत दुधाच्या वेळा लिहून घ्यायच्या. दोन महिन्यांनी ती पंधराच्या पाढ्यापर्यंत आली. नातीची अंघोळ मी घालायची आणि ती पाण्यात बोट घालून "बरोबर हाय" म्हणायची. मग एके दिवशी तिने तांब्या माझ्या हातातून घेतला. मी दारात उभी राहून बघितलं. गावी गेले की जिथे बाळंतीण असेल तिथे मी आपणहून जाते आणि माझ्या तोंडाने सांगते, की मी काय केलं. काही घरांत ऐकतात. एका घरात म्हणाले, "आमच्यात कुणाला कधी झालं नाय." हे वाक्य माझंच होतं, त्यामुळे मला राग आला नाही.

नातीचं उष्टावण झालं त्या दिवशी मुलगी जवळजवळ पूर्वीसारखी होती. पाहुणे जेवून गेले, जावई त्यांना सोडायला खाली गेले. आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मी सहज म्हटलं, "तुला घाबरवायचं नाय म्हणून गप्प बसली होती मी तेव्हा."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मी घाबरलेलीच होती, आय. एकटी घाबरली होती." मग म्हणाली, "पाण्याचं झालं ना, त्याच्या आदल्या दिवशी. पोरीला आत झोपवलं आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली बगत होती. म्हटलं, ही माज्या हातनं मरायच्या आधी मी नसलेली बरी. एक पाय वर घेतला होता. तू आत भाजी निवडत होतीस. तू हाक मारलीस, चहा घेतेस काय म्हणून. मग मी आत आली."

ते दिवस मी मनात कितीदा उलगडले आहेत. तिची चाल, तिचा चेहरा, माझं प्रत्येक खोटं मला शब्दाशब्दाने आठवतं. पण ती हाक मला आठवत नाही.